सुतकातला कलप

"दार लाव आदी," हिंदुराव म्हणाला. "आन् कडी घाल."

नाथाजीने धान्याच्या खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. अकरा वर्षं, दर पंधरा दिवसांनी, याच खोलीत तो हे डोकं रंगवत आला होता. हिंदुरावच्या आईला, आक्काताईला, जाऊन आज सात दिवस झाले होते. सुतकात वस्तरा नाही, तेल नाही, फणी नाही. हिंदुरावच्या गालांवर आठवड्याची दाढी उगवली होती, मिठासारखी पांढरी. केसही मुळाशी तसेच पांढरे आणि वर काळेभोर. वरून चाळिशीचा आणि खालून साठीचा, अशी दोन माणसं एकाच मुंडक्यावर बसल्यासारखी दिसत होती.

"उद्या सांगलीची मंडळी यायलीत," हिंदुराव म्हणाला.

"भेटाय?"

"भेटायच. आईचं कळलं म्हनून." तो जरा थांबला. "आन् जाता जाता झेडपीच्या तिकिटाचं बी बगत्याल. औंदा तरनी मानसं पायजेत म्हनत्यात. त्या इंजिनेराचं नाव वर हाय. पस्तिशीचं पोर. मी असा फुडं बसलो तर म्हनत्याल, ह्येला काठी आना. कलप लाव."

"सुतक हाय आण्णा."

"मला ठावं न्हाई व्हय? माझीच आई गेलीया."

"म्हनूनच म्हनलं."

"वस्तरा लाव म्हनालो का मी? वाढल्याली दाढी हाय तशी ऱ्हाऊ दे. निस्ता रंग. मनाई वस्तऱ्याला हाय, रंगाला न्हाई. रंगाचं कुटं लिवलंय, दाव मला."

नाथाजीला हसू आलं, ते त्याने मिशीत जिरवलं. आई गेल्यावर सातव्या दिवशी कुणी कलप मागेल, हे नियम घालणाऱ्यांना सुचलं नसणार. त्यात त्यांचा काय दोष.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. झेडपीची निवडणूक महिन्यावर आली होती. जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात पावसाने पाठ फिरवलेली आणि जानेवारीतच पाण्याचे टँकर सुरू झालेले. गावात दोनच गोष्टींवर बोलणं चालायचं, टँकर कधी येणार आणि तिकीट कुणाला मिळणार. दोन्ही हिंदुरावच्या हातात आहेत असं हिंदुराव सांगायचा.

"आन् त्यो तीन नंबरचा गाळा," हिंदुराव म्हणाला. "दहावा झाला की ग्रामपंचायतीची सभा हाय. तुझ्या नावाचा ठराव मी सोता मांडतो. का नको मांडू?"

नाथाजीने काखेतली पेटी खाली ठेवली. फाट्यावर, जत–सांगली रस्त्याच्या कडेला, त्याचं पत्र्याचं खोकं होतं. एक खुर्ची, एक तडकलेला आरसा. रस्ता रुंद होणार म्हणून त्या खोक्यावर मागच्या महिन्यात कुणीतरी चुन्याची फुली मारून गेलं होतं. त्याच फाट्यावर ग्रामपंचायतीने दहा गाळे बांधले होते, पक्के, शटर लावलेले. नाथाजीने तीनदा अर्ज केला होता. ग्रामपंचायत हिंदुरावच्या मुठीत होती, आणि तिन्ही वेळा तो म्हणाला होता, बघू.

"पानी आना कोमट," नाथाजी म्हणाला. "आन् वाईच तेल."

"तेल कशाला?"

"कपाळाच्या कडंनं लावाय लागतंय, गालाला बी. न्हाईतर कातडीवर डाग बसतो."

हिंदुराव दचकला. "छ्या छ्या! तेल न्हाई चालायचं. सुतक हाय."

नाथाजीने त्याच्याकडे पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

नाथाजी सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचं डोकं गेली सात-आठ वर्षं पांढरंफेक होतं. दुसऱ्यांची डोकी काळी करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या डोक्याला कधी रंगाचं बोट लावलं नव्हतं, आणि याचा त्याला गर्व होता. त्याच्या बापाने आयुष्यात एकाच माणसाला कलप लावला, जत संस्थान होतं तेव्हाच्या एका इनामदाराला. तेव्हा कलप करणं हे चार दिवसांचं काम असे. हिरडा, आवळकाठी, माक्याचा रस आणि लोखंडाचा कीस लोखंडी कढईत भिजत घालायचा, ढवळत राहायचं, आणि मग ते काळं चिखलासारखं लेपण डोक्यावर थापून एरंडाची पानं बांधायची. एवढा खटाटोप एका इनामदारापुरता ठीक होता. बाकीच्यांना म्हातारं व्हायला लाज वाटत नसे आणि वेळही नसे.

नाथाजी स्वतः सांगलीत गणपती पेठेतल्या एका सलूनमध्ये चार वर्षं राबला होता, तिथे त्याने बाटलीतला कलप पाहिला. मिरजेचे मेंदी लावणारे म्हातारे पाहिले. त्यांच्या केशरी दाढ्यांबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. ते लपवत नव्हते, मिरवत होते. पण नव्वदनंतर किराणा दुकानात पुड्यांच्या माळा लटकू लागल्या आणि ज्याला त्याला काळं व्हायचं सुचलं. सत्काराच्या आदल्या दिवशी हेडमास्तर आले. दुसऱ्या लग्नाची मुलगी बघायला जायच्या आधी तलाठी आला, आणि बघून आल्यावर, मुलीकडच्यांनी नकार दिला म्हणून, रंग नीट बसला नाही असं भांडून गेला. दूध डेअरीचा चेअरमन यायचा तो खुर्चीत बसल्यावर आरशाकडे पाठ करायला सांगायचा. नाथाजी सगळ्यांना रंग लावायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा आणि घरी येऊन बायकोला, सुलाबाईला, एकेकाची नक्कल करून दाखवायचा. आपल्या हातातल्या ब्रशाखाली गावातले मोठे लोक डोळे मिटून, मान खाली घालून बसतात, हे त्याला आवडत असे. त्यांना तो मनातून कवडीचीही किंमत देत नसे.

किंमत होती ती आक्काताईला. लेक धान्याच्या खोलीत कोंडून घेऊन रंगत बसला की ती अंगणात जात्याच्या दगडावर बसून मोठ्याने विचारायची, "नाथा, झालं का रं? बेंदराला बैलाची शिंगं रंगवत्यात तेवड्यात हुतंय की. ह्येला काय झूल बी घालतुयास?"

आतून हिंदुराव ओरडायचा, "गप बस गं!"

"गपच हाय. गोंडं लाव म्हनावं वाईच."

गेल्या दिवाळीला नाथाजी निघाला तेव्हा तिने त्याला जवळ बोलावलं होतं. तिचा आवाज स्वच्छ होता. "नाथा, माझा दहावा तुज्या हातनं. दुसऱ्या कुनाला बशिवलं तर मी खवळीन. तुजा बाप माझ्या मालकाला बसला हुता, वस्तरा कसा लोन्यावानी चालीवला. त्या दिशी माझ्या पोराचं डोस्कं सगळं खाली काड. खरं डोस्कं घिऊन यिऊ दे त्येला घरी, एकडाव तरी."

"आक्का, अजून लय वरीस हाय त्येला."

"न्हाई गा. तू व्हय म्हन."

तो हो म्हणाला होता. गावात कुणाचाही दहावा असला तरी वस्तरा नाथाजीच्याच घराण्याचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. हेडमास्तर असो नाहीतर चेअरमन, त्या दिवशी ओढ्यात उघड्या अंगाने बसलेला माणूस 'नाथाजीराव' म्हणायचा. वर्षातल्या बाकीच्या दिवशी तो नुसता नाथा असे.

आणि आता त्याच्या हातात ब्रश होता आणि समोर वाटीत काळं कालवण. त्याने स्वतःशी हिशेब केला: वस्तऱ्याला तर आपण हात लावत नाही. सुतकात मनाई वस्तऱ्याची. दहाव्याला आपला वस्तरा कोरा असेल, तर आक्काताईचं काय बिघडलं? म्हणजे ज्या युक्तिवादावर त्याला घटकाभरापूर्वी हसू आलं होतं, तोच त्याने उचलून खिशात घातला. बापाच्या जन्मात कुणी असं केलं नसतं, हे त्याला माहीत होतं. बापाला गाळा हवा नव्हता, हेही त्याला माहीत होतं.

त्याने काम मात्र मन लावून केलं. मुळापासून टोकापर्यंत, भांगातून, कानामागून, मिशी, मग दाढी. तेल नसल्यामुळे गालांवरची कातडी रंग पीत होती. खोलीत त्या पुडीचा उग्र वास भरला आणि दाराखालून बाहेर गेला. शेजारच्या खोलीत, आक्काताईने जिथे प्राण सोडला तिथे, तेलाचा दिवा जळत होता आणि बायका बसल्या होत्या. त्यांतून आक्काताईच्या धाकट्या जावेचा, धोंडुबाईचा आवाज आला.

"कसला गं बया वास ह्यो?"

कुणीतरी म्हणालं, "उंदराचं औशीद ठिवलं आसंल जुंदळ्यात."

"ह्यो उंदराचा वास न्हवं," धोंडुबाई म्हणाली. "ह्यो आमच्या हिंदूचा हाय."

आत हिंदुरावने हात हलवून खूण केली, लवकर आटप.

दुसऱ्या दिवशी सांगलीची मंडळी दोन जीपमधून आली. आठ मिनिटं बसली. 'फार वाईट झालं', 'वय काय होतं', 'छत्र गेलं' एवढं बोलून त्यांनी चहा नाकारला. त्यांतल्या एकाने हिंदुरावच्या डोक्याकडे पाहिलं, दुसऱ्याने हळूच वयही विचारलं. हिंदुराव म्हणाला, "शेचाळीस." त्याचा धाकटा भाऊ धनाजी शेजारीच बसला होता, पांढऱ्या खुंटांची दाढी घेऊन. धनाजीचं वय बावन्न होतं. त्याने तक्क्याची शिवण उसवायला सुरुवात केली.

सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, गावातली वीस-पंचवीस माणसं होती. यांतल्या प्रत्येकाने गेले सहा दिवस रोज येऊन हिंदुरावची पांढरी दाढी पाहिली होती, आणि आज त्याच्या तोंडावर काळी दाढी होती. तिच्याखाली गालांवर काळपट डाग, कपाळाच्या कडेने कढईच्या काठासारखी रेघ. तमाशातल्या दरोडेखोरासारखा तो दिसत होता. कुणी हसलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, काही जण जरा जास्तच वाकून.

हसणं झालं ते फाट्यावरच्या चहाच्या टपरीत.

"सुतकात मानूस वाळतो गड्या. ह्यो तरना झाला."

"आई गेल्याचं दुख दाडीत उतारलंय. काळं पडलंय दुखानं."

"आरं पर लावलं कुनी?"

त्यावर टपरीतल्या सगळ्यांनी एकदम समोरच्या पत्र्याच्या खोक्याकडे पाहिलं. खोक्यात नाथाजी एका गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारत होता. त्याने पाहिलं की ते पाहतायत. पावडर जरा जास्त पडली.

घरी सुलाबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "आज न्हाई करून दावत नक्कल?"

"कुनाची?"

"दोगंजन हुतासा न्हवं खोलीत. कुनाची बी दावा."

तो जेवला नाही असं नाही. जेवला, पण आवाज न करता.

नवव्या दिवशी सांगलीहून निरोप आला: तिकीट हिंदुरावला. आता काळ्या केसांचं काम संपलं होतं. इतकंच नव्हे, तर आता तुळतुळीत डोक्याचं काम सुरू झालं होतं. आईसाठी मुंडण केलेला उमेदवार मतदारांसमोर हात जोडून उभा राहील, याच्याइतकी चांगली गोष्ट नाही, हे हिंदुरावला कुणी शिकवायला नको होतं. त्याने जतहून फोटोग्राफर बोलावला.

दहाव्याच्या सकाळी नाथाजीने वस्तऱ्याला तीनदा धार लावली. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, पेटी काखेत घेतली. ओढा गावाच्या खालच्या अंगाला होता. ओढ्यात पाणी नव्हतं म्हणून हिंदुरावने वस्तीवर निघालेला टँकर वळवून आणला होता. हातात कळशा घेतलेल्या चार बायका टँकरमागून चालत आल्या होत्या आणि आता काठावर उभ्या होत्या. विधीचं पाणी झाल्यावर उरलेलं आपल्याला मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

वाळूत पन्नास-साठ माणसं होती. नाथाजी उतार उतरून खाली आला आणि थांबला. हिंदुराव आणि धनाजी उघड्या अंगाने बसले होते, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्याच कुणाचीतरी पेटी उघडी होती. हद्दीपलीकडच्या गावचा मल्लाप्पा वाटीत पाणी घेऊन उकिडवा बसला होता. नाथाजीला पाहताच त्याने मान खाली घातली. तो सकाळी सकाळी आपणहून आला नव्हता, हे उघड होतं. त्याला आदल्या दिवशीच सांगावा गेला असणार.

भावकीतले सर्वांत वयस्क आप्पासो दगडावर बसले होते. त्यांनी हात वर केला. "नाथाजी, तितंच ऱ्हा."

"काय झालं आप्पा?"

"सुतकात ह्या घरात रंगाचं काम झालं. गाव बोलतंय. आमी हिंदुरावला इचारलंय. त्यो काय बोलतोय त्ये तुजा तू ऐक."

हिंदुरावने डोळे पुसले. ते कोरडे होते, तरी पुसले.

"मी कुटं शुद्धीवर हुतो आप्पा," तो म्हणाला. "आई गेलीया. मला कोन काय करतंय ठावंच न्हाई. ह्यो आला, म्हनला आण्णा पावनं येनार, वाईच नीट करतो. मला वाटलं डोस्कं पुसतुया. त्येच्या मनात गाळा हुता, मला काय म्हाईत."

पन्नास माणसांना खरं काय ते ठाऊक होतं. हिंदुरावलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. पन्नास जणांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. कुणाचा नातू शिपायाच्या नोकरीला लागायचा होता, कुणाला विहिरीचं अनुदान हवं होतं. काठावरच्या बायकांना टँकर हवा होता.

"खरं हाय का नाथाजी?" आप्पासोंनी विचारलं. त्यांच्या आवाजात किंचित विनवणी होती. म्हाताऱ्याला वाटत होतं, याने तरी बोलावं.

नाथाजीने तोंड उघडलं. 'दार लाव आदी, कडी घाल' एवढेच शब्द पुरेसे होते. धोंडुबाईने वास घेतला होता, ती साक्ष देईल. तेवढ्यात हिंदुरावने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अकरा वर्षं बंद खोलीत ज्या सलगीने तो डोकं पुढे करायचा, तीच सलगी होती. गाळ्याची सभा परवा होती.

"चुकलं," नाथाजी म्हणाला.

"काय चुकलं?"

"माझं चुकलं."

आप्पासोंनी मान फिरवली. "मग आता तुजा हात ह्या कामाला नको. ह्या घराला न्हाई, आन् गावातल्या दुसऱ्या कुनाला न्हाई. हितनं फुडं दहाव्याला मल्लाप्पा यील." आणि मल्लाप्पाकडे वळून म्हणाले, "चल, बस. ऊन व्हायलंय."

मल्लाप्पाने धनाजीपासून सुरुवात केली. मग हिंदुराव. नाथाजी होता तिथेच उभा होता. त्याला जायला कुणी सांगितलं नव्हतं आणि राहायलाही नाही. तो बघत होता. मल्लाप्पाने केस नीट भिजवले नव्हते. कातडी ताणायला डावा अंगठा जिथे धरायचा तिथे तो धरत नव्हता. काळे केस वाळूवर पडत होते, मुळापासून टोकापर्यंत एकसारखे काळे. पांढरं त्यात नावालाही दिसत नव्हतं. काम चोख झालं होतं. फोटोग्राफर पुढे सरकला, हिंदुरावने मान किंचित वर केली, आणि त्याच वेळी कानामागे वस्तरा लागला.

रक्ताची धार मानेवरून पाठीवर उतरली. मल्लाप्पाने फडक्याने दाबलं, ते लाल झालं. त्याने आपली पेटी उलटीपालटी केली. मग इकडेतिकडे बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखा तो आपल्या कानडी वळणाने म्हणाला, "तुरटी न्हाई आणली री. कुनाकडं हाय का?"

साठ माणसांत एकाच माणसाकडे तुरटी असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नाथाजीने पेटी उघडली. धार लावलेला वस्तरा वरच होता, तो बाजूला सारला आणि तळातून तुरटीचा खडा काढला. तो चार पावलं पुढे गेला, आप्पासोंनी मान वर करताच थांबला, आणि खडा एका दगडावर ठेवून पुन्हा मागे आला. मल्लाप्पाने तो उचलला, पाण्यात बुडवला आणि जखमेवर चोळला.

"आई गं!" हिंदुराव ओरडला.

दहा दिवसांत त्याने आईला हाक मारली ती तेवढीच.

विधी आटोपला. माणसं चढ चढून गेली, फोटोग्राफर गेला. उरलेल्या पाण्यासाठी बायकांची टँकरखाली झोंबाझोंबी सुरू झाली. मल्लाप्पा पेटी बांधून नाथाजीजवळ आला. त्याने धुतलेला खडा तळहातावर पुढे धरला.

"माजा काय दोष न्हाई री, नाथाजीराव. मला बोलिवलं, मी आलो."

"अंगठा असा धरत जा," नाथाजी म्हणाला, आणि मल्लाप्पाच्याच मानेवर, कानामागे, डाव्या हाताचा अंगठा टेकवून दाखवला. "कातडी मागं वडायची. मग लागत न्हाई."

"बरं. ही तुमची तुरटी."

"ऱ्हाऊ दे तुलाच," नाथाजी म्हणाला. "हितनं फुडं तुला लागंल."

त्याने पेटीचं झाकण बसवलं, बसलंय का ते दोनदा दाबून पाहिलं, आणि टँकरच्या चाकांनी वाळूत पाडलेल्या ओल्या चाकोरीतून तो गावाकडे न जाता फाट्याकडे चालू लागला.